आडे सरांचा वर्ग आणि आम्ही न्यायाधीश

आडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्याशीच वाद घालत होते. दिवाळीच्या सुट्टीतल्या वर्गासाठी त्यांनी यंदा मला एक प्रश्न दिला होता. कोर्टात तारीख पुढे गेली की नुकसान नेमकं कोणाचं होतं? सगळी नोकरी तारखा देण्यात गेलेली मी बाई; मला वाटलं, यात काय एवढं? पण उत्तर मांडायला बसलं की दर वेळी एक माणूस सुटायचा. वादी धरला की साक्षीदार सुटायचा, साक्षीदार धरला की त्याच्यामागे ताटकळलेला भलताच कोणी. त्या दिवशी सकाळी नांदेडच्या घरी गच्चीत कपडे वाळत घालता घालता मी तेच जुळवत होते आणि सर कुठे अडवतील याचा अंदाज घेत होते... तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, रेखाचा फोन आला. "मावशी, बाबा गेले." मग तीच म्हणाली, "काल संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टरला विचारून राहिले होते, समोरच्या दारानं यायला पास लागतो, मग मागच्या दारानं काहून लागत न्हाई? ती म्हणाली, उद्या सांगते." आम्ही दोघी रडता रडता हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी बसून राहिले.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. भेटायला येणारी माणसं विचारतात, हे आडे सर म्हणजे तुमचे कोण? नात्यातले म्हणावेत तर नाही. मी हिंगोलीच्या न्यायालयात दिवाणी न्यायाधीश होते आणि ते तिथल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांनी न्यायाधीशांसाठी आणि कायद्याच्या अभ्यासकांसाठी एक वर्ग चालवला, कायदा आणि अर्थशास्त्र या विषयाचा. वर्षातून एकदाच, दिवाळीच्या सुट्टीत, थोडेच दिवस. मी त्यात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी म्हणून बसले आणि नंतर उठलेच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

प्राध्यापक गोविंद आडे यांचा जन्म पुसेगावच्या पलीकडच्या एका तांड्यावरचा. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांना पाठ होत्या. कुठल्या घाटात बैल अडायचे, कुठल्या गावात मीठ महाग विकायचं. सर म्हणायचे, "आमच्या घरात अर्थशास्त्र आधी आलं, शाळा मागून." पण कायद्याची ओढ त्यांना कुठून लागली, हे मी एकदा मुद्दाम विचारलं होतं. तेव्हा त्यांनी तांड्याच्या पंचायतीची, ज्याला तिकडे नसाब म्हणतात, तिची एक आठवण सांगितली. लहानपणी एका भांडणात नायकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, एका माणसाला दंड केला. दंडाच्या पैशातून बकरं आलं, सगळ्या तांड्याची पंगत बसली, आणि ज्याला दंड झाला तो माणूसही त्याच पंगतीत जेवायला बसला. या पोराला ते काही पटेना. त्याने थेट नायकालाच विचारलं, की चूक यानं केली, मग याला काहून वाढता? नायक म्हणाला, "लेकरा, उद्या त्याला आपल्यातच ऱ्हायचं हाये." सर ही गोष्ट सांगून म्हणायचे, "त्या दिवसापासून मला शिक्षेपेक्षा शिक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं कुतूहल हाये." आयुष्यभर त्यांनी तेच तपासलं, असं मला आता वाटतं. निकाल लागला, ठीक. मग दुसऱ्या दिवशी माणसं कशी वागली?

वर्ग सुरू झाला तो एका रागातून. सर स्वतः एका मोठ्या शहरात न्यायाधीशांसाठी भरलेल्या अशाच एका शिबिराला जाऊन आले होते. ते आले ते विषयाच्या प्रेमात पडून, पण त्याच वेळी चिडून. विषय त्यांना सोपा करून सांगता यायचा. कायद्याने एक नियम केला किंवा कोर्टाने एक निकाल दिला, की तो ऐकून बाकीची माणसं आपलं वागणं बदलतात; कोणाचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो ते बदलतं; हे सगळं अर्थशास्त्राच्या नजरेनं आधीच पाहायला शिकायचं. चिडले होते ते मात्र वेगळ्याच गोष्टीवर. "सगळी उदाहरणं परमुलखातली, ताई. तिकडच्या रेल्वेच्या ठिणग्यांनी पेटलेली शेतं, तिकडचे कारखाने. अन् आपले न्यायाधीश नुसते मान डोलवून राहिले होते! मान डोलवणारा न्यायाधीश पाहिला की मला भीती वाटते." हिंगोलीत वर्ग भरवायचा, उदाहरणं इथलीच घ्यायची, आणि जो मान डोलवेल त्याला आधी प्रश्न विचारायचा, असं त्यांनी ठरवलं. जिल्ह्याच्या मुख्य न्यायाधीशांना भेटले, त्यांनी वरून रीतसर परवानगी आणली, आणि कॉलेजने एक सभागृह दिलं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून काही न्यायाधीश आले, विधी महाविद्यालयांतले काही अध्यापक आणि संशोधन करणारी काही मुलं-मुली आली.

मी गेले ती नाखुशीने. माझे वडील एका देवस्थानच्या कार्यालयात कारकून होते. हिशेब आणि न्याय या दोन वेगळ्या खोल्यांतल्या गोष्टी आहेत, असं माझ्या मनात घरापासून बसलेलं. पहिल्याच तासाला मी उठून म्हणाले, "सर, आम्ही न्याय करायचा की नफा-तोटा बघायचा?" त्यांना राग आला नाही. त्यांचा चेहरा असा काही खुलला, जणू ते याचीच वाट बघत होते. "मॅडम, तुमी निकाल देता तो कोणासाठी?" मी म्हणाले, "समोर जे दोन पक्ष आहेत त्यांच्यासाठी." "अन् जे समोर न्हाईत, पण तुमचा निकाल ऐकून उद्या आपला बांध सरकवणार हायेत किंवा न्हाई सरकवणार, ते?" "ते बी तुमच्या कोर्टात बसलेले असतात," ते म्हणाले, "फक्त त्यांना खुर्ची नसते." त्या दिवसापासून निकाल लिहिताना मला ती खुर्ची नसलेली माणसं दिसायला लागली. कधी कधी त्यांचा त्रासच व्हायचा.

आमच्या वर्गात शेख साहेब होते. माझ्याहून बरेच ज्येष्ठ न्यायाधीश, उंच, बोलण्यात उर्दूची मृदू झाक, आणि कामात अतिशय काटेकोर. दुसरी वैशाली मगर, एका विधी महाविद्यालयात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवणारी, डॉक्टरेट करणारी, वर्गातली सर्वांत तल्लख मुलगी. या दोघांची आणि सरांची रोज जुंपायची. आणि त्या जुंपण्यातून जे शिकायला मिळालं ते मला वाटतं कुठल्याही शिबिराच्या सभागृहात मिळालं नसतं.

कनेरगाव नाक्याची गोष्ट त्यातलीच. सर एक दिवस म्हणाले, चला, जीप सांगितली आहे. वाशीमच्या रस्त्यावर नाक्याजवळ एक ढाबा होता आणि ढाब्याला लागून एकाचं शेत. दिवाळी जवळ आलेली, आजूबाजूचं सोयाबीन काढून झालेलं, रानं मोकळी पडलेली. पण त्या शेतात ढाब्याच्या बाजूला एक लांबच लांब पट्टा तसाच उभा, हिरवागार. शेंग अगदी नावाला. आम्ही बघतच राहिलो. सरांनी वर बोट केलं. ढाब्याच्या खांबावर मोठा दिवा होता, ट्रकवाल्यांना लांबून दिसावा म्हणून. सोयाबीनला फुलोऱ्यात यायला अंधार लागतो. जिथवर उजेड पोचला तिथवर पीक वाढत राहिलं, पण पिकलं नाही. "आता सांगा," सर म्हणाले, "कोण कोणाचं नुकसान करून राहिलं? दिवा चालू ठेवला त् शेतकरी बुडाला. दिवा बंद करा म्हटलं त् ढाबा बुडाला." हा वाद कोर्टात गेलेला नव्हता, हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं, नाहीतर आम्हाला तिथे पाय ठेवता आला नसता.

पुस्तकातलं उत्तर वैशालीला तोंडपाठ होतं. दोघांना एकमेकांशी बोलायला फारसा त्रास नसेल, तर ते आपसातच सौदा करतील. ज्याचं नुकसान जास्त तो दुसऱ्याला काहीतरी देऊन गप्प करील. कायदा कोणाच्या बाजूने आहे यावरून शेवटी फारसा फरक पडणार नाही. सर म्हणाले, "झकास. जा, विचारून ये, सौदा काहून झाला न्हाई ते." वैशाली शेतकऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "मी काहून सांगू त्याला? त्याला डोळे न्हाईत का?" मग ती ढाब्यावर गेली. ढाबेवाला म्हणाला, "त्यानं यावं की इथं, चहा घ्यावा, सांगावं. मी काय परका हाये?" दोघांच्या मध्ये हाक ऐकू जाईल एवढंच अंतर. शेवटी ढाबेवाल्याच्या बायकोने उलगडा केला. ती त्या शेतकऱ्याची सख्खी बहीण होती. घरातल्या एका लग्नात मानपानावरून दोघा मेहुण्यांचं बिनसलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. "दिव्याला वरून पत्र्याचं झाकण बसवलं तरी भागतंय," ती म्हणाली, "दोघांनाबी ठाऊक हाये. पण आधी कोण वाकणार?"

परतताना जीपमध्ये सर इतके खूश होते की विचारू नका. आपला आवडता सिद्धांत डोळ्यांदेखत आडवा पडला आणि माणूस आनंदाने मांडीवर थापा मारतोय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. "पुस्तकातल्या शेतकऱ्याची बहीण शेजाऱ्याच्या घरी दिलेली नसते, वैशाली!" वैशाली हिरमुसली होती. तेव्हा इतका वेळ खिडकीबाहेर बघत बसलेले शेख साहेब सावकाश बोलले. "प्रोफेसर साहब, मी इतकी वर्षं समजत होतो की लोक माझ्याकडे जिंकायला येतात. आज वाटतंय, निम्मे लोक वाकायला येतात. मी हुकूम दिला की दोघांनाही सांगता येतं, कोर्टानं सांगितलं म्हणून केलं, मेहुण्यासाठी नाही केलं." सर म्हणाले, "साहेब, हे मला कुठल्या पुस्तकात दिसलं न्हाई. पुन्हा एकदा सांगा." आणि शेख साहेबांना ते पुन्हा सांगावं लागलं. पुढच्या दिवाळीत आम्ही तिकडून गेलो तर दिव्यावर झाकण होतं. कोणी बसवलं? शेतकऱ्याने ढाबेवाल्याचं नाव सांगितलं, ढाबेवाल्याने शेतकऱ्याचं. सरांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी न विचारलेला मला माहीत असलेला तेवढा एकच प्रश्न.

मी ते सगळं माझ्या कोर्टात वापरून पाहिलं. बांधाच्या एका वादात दोन चुलतभावांना मी विचारलं, तुम्ही एकमेकांशी बोलत का नाही? त्यांनी पुढची दोन वर्षं मला तेच सांगितलं, उलटतपासणीसकट. सरांना ही फजिती सांगितली तेव्हा त्यांनी बारीकसारीक तपशील विचारले; कोण आधी बोललं, कोणाचा वकील उठला. यश सांगितलं तर ते "बराबर" म्हणून पुढे जायचे. अपयश मात्र त्यांना सविस्तर लागायचं.

वर्गाचं नाव हळूहळू झालं. आणि मग एक गृहस्थ आले. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या न्यासाचे व्यवस्थापक, मृदुभाषी, अगत्यशील. न्यासाला म्हणे आमच्या वर्गाचं कौतुक होतं. इथून पुढे सगळा खर्च ते उचलणार होते. थंड हवेच्या ठिकाणी उत्तम हॉटेल, जाण्यायेण्याची विमानाची तिकिटं, बाहेरून नामवंत प्राध्यापक, आणि अभ्यासकांचे निबंध छापून ग्रंथ. वेळही अशी की कॉलेजने नुकतंच कळवलं होतं, पुढच्या वर्षीपासून सभागृह देता येणार नाही. सरांनी विचारलं, "अट काय?" "अट काहीच नाही, सर." "तेच त् मला समजून राहिलं न्हाई," सर म्हणाले.

दुसरं कोणी असतं तर घरी बसून हो किंवा नाही कळवलं असतं. सरांनी तो प्रश्न वर्गापुढे ठेवला. सकाळी आम्ही आलो तर फळ्यावर लिहिलेलं : पाहुणचार घेतलेल्या न्यायाधीशाचा निकाल बदलतो का? वर्गात एकदम कुजबुज सुरू झाली. आम्ही न्यायाधीश दुखावलो, हे खरंच. शेख साहेब तर उभेच राहिले. "माझा निकाल माझ्या जेवणावर ठरतो, असं म्हणायचं आहे तुम्हाला?" त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. सर म्हणाले, "न्हाई साहेब. तुमचा बदलणार न्हाई, हे मी लिहून देतो. पण उद्या एखाद्या माणसाचा त्या कंपनीशी दावा लागला, अन् त्यानं त्या हॉटेलातला तुमचा फोटो पेपरात पाहिला, त् तो घरी जाऊन बायकोला काय म्हणल?" शेख साहेबांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले. त्या दिवशी वर्ग पुढे सरकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते येतील की नाही याची सगळ्यांना धाकधूक होती. ते आले, वेळेआधी आले, आणि बसायच्या आधीच बोलले. "मी खूप विचार केला. माझा निकाल बदलणार नाही, याची मला खात्री आहे. पण ती खात्री मला दुसऱ्या कोणाला दाखवता येत नाही. आणि जी दाखवता येत नाही, ती त्या माणसाच्या काय कामाची?" एवढं बोलून ते खाली बसले. न्यासाला नाही म्हणायचं, या मताला एकेक करून बाकीचे न्यायाधीशही आले. मीही आले. आपण काहीतरी मोठं केलं, असं क्षणभर सगळ्यांना वाटलं.

तेव्हा वैशाली उठली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत की प्रत्येक निर्णयाचा खर्च कोणावर तरी पडतो, तो कोणावर पडतो ते शोधा. शोधलं मी. या साहेबांना पगार आहे, पेन्शन आहे. निबंध छापून आला असता तर मला कायम नोकरी मिळायची आशा होती. तत्त्व तुमचं आणि नुकसान आमचं." सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बराबर हाये तुझं," एवढंच म्हणाले. वैशाली पुढच्या वर्षी आली नाही. ती त्या न्यासाच्याच शिबिरांना जाऊ लागली, असं कळलं. पुढे दूरच्या एका विद्यापीठात तिला चांगली जागाही मिळाली. सरांनी तिचं नाव कधी टाळलं नाही. पण ते निघालं की त्यांचा हात नकळत चष्म्याकडे जायचा.

वर्ग मग सरांच्या हिंगोलीतल्या घरी, समोरच्या खोलीत भरू लागला. आम्ही आपापल्या खर्चाने यायचो, कोणी नातेवाइकांकडे उतरायचं, कोणी लॉजवर. प्रमाणपत्र नाही, भत्ता नाही. संख्या रोडावली, एका वर्षी तर सगळे मिळून एका सतरंजीवर मावलो. पहिल्याच दिवशी वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, जाहीर केलं, "मी स्वयंपाक करणार न्हाई बरं का. डबे आणा. मलाबी बसून ऐकायचं हाये." त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना वर्गात आवाज चढवायची सवय होती आणि नवऱ्याला मध्येच थांबवायचीही. नव्या न्यायाधीशांना सुरुवातीला या घरगुतीपणाचं नवल वाटायचं; दुसऱ्या दिवशी तेही वहिनींशी वाद घालत असायचे. लोकअदालत, जामिनाची रक्कम, चेक न वटल्याचे खटले, वाटणीचे दावे... कुठलाही विषय असो, सरांचा शेवट ठरलेला. हा नियम कोणाला सोपा पडतो, कोणाला जड, आणि ज्याला जड पडतो तो माणूस आज या खोलीत का नाही?

शेवटची भेट दवाखान्यात झाली. मूत्रपिंडाच्या दुखण्याने त्यांना नांदेडला आणलं होतं. हात सुकलेले, पण डोळे तसेच, काहीतरी सापडल्यासारखे. मी बसले तसं त्यांनी विचारलं, "ताई, आपण तेव्हा त्या न्यासाला हो म्हटलं असतं त् काय झालं असतं?" मी म्हणाले, "वर्ग मोठा झाला असता. कितीतरी जणांपर्यंत पोचला असता." "व्हय. अन् आपण?" मी म्हणाले, "सर, तुम्हाला पस्तावा होतोय का?" ते हसले. हसताना त्यांना धाप लागली, म्हणून थोडं थांबले. "पस्तावा न्हाई. उत्सुकता हाये. हे तपासायचं म्हणजे दोन हिंगोल्या पाहिजेत. एका हिंगोलीत हो म्हणायचं, दुसरीत न्हाई म्हणायचं, अन् वीस वर्षांनी दोन्हीकडं जाऊन बघायचं. आपल्याला एकच मिळाली." मग डोळे मिटून म्हणाले, "वैशालीचं म्हणणं चुकीचं न्हवतं. मी तिला तसं सांगितलं होतं... पण सांगून तिला काय मिळालं?"

ते गेल्यावर आठवड्याभराने मी हिंगोलीला त्यांच्या घरी गेले. खोलीत वहिनींजवळ एक बाई बसली होती. केस थोडे पिकलेले. मी तिला बोलण्यावरून ओळखलं. वैशाली थेट विद्यापीठातून आली होती. आम्ही बराच वेळ बोललो. ती म्हणाली, "मॅडम, त्या शिबिरांत मी खूप शिकले, हे खरं सांगते. काय लिहावं, काय लिहू नये, असं मला कोणी कधी सांगितलं नाही. पण एक गोष्ट उशिरा लक्षात आली. त्या कंपनीवर लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, आणि इतक्या वर्षांत मला ते कधी सुचलंच नाही. कोणी अडवलं नव्हतं. सुचलंच नाही." मग म्हणाली, "हे सरांना सांगायला निघायचं म्हणत होते... त्यांना आवडलं असतं." वहिनी म्हणाल्या, "त्यांना काहून, आता आम्हाला सांग. दिवाळीत ये अन् सगळ्यांपुढं सांग." वैशाली म्हणाली, येते. यंदाचा वर्ग होणार आहे. शेख साहेब गुडघ्यांची तकलीफ सोसून येणार आहेत. तारखेचा प्रश्न मीच मांडणार आहे, अपुराच, कारण तो सुटलेला माणूस मला अजून सापडायचा आहे.

निघताना वहिनी वैशालीला आणि मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथे भिंतीला लागून पाण्याचा एक रांजण आहे. सरांनी तो जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी ठेवला आणि त्यावरही त्यांचा एक उद्योग चालायचा, असं वहिनींनी सांगितलं. सुरुवातीला त्यांनी पेला साखळीने बांधला. कोणीतरी साखळी तोडून पेला नेला. मग त्यांनी बिनसाखळीचा ठेवला, तोही गेला. वहिनी म्हणाल्या, आता पुरे. पण सर घरातून एकेक जुना पेला आणून ठेवत राहिले. गेला की दुसरा. ते आजारी पडल्यावर पेले ठेवायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. आता बघितलं, तर रांजणाच्या झाकणावर पेल्यांची चळत होती. एक पितळी, एक कडेला चेपलेला, एकावर कोणा घराण्याचं लग्नातलं नाव कोरलेलं, एक लहान मुलाच्या वाढदिवसातला रंगीत. वहिनींनी एकेक उचलून पाहिला आणि परत ठेवला. "यातला एकबी आमच्या घरचा न्हाई," त्या म्हणाल्या. वैशालीने त्यातलाच एक घेतला, रांजणातून पाणी काढलं, उभ्याने प्यायली, आणि पेला विसळून पालथा घालून ठेवला.